कोय धरण्याआधी

सकाळी साडेअकराला पालीनं ताट बाजूला सारलं आणि ती उठून बाहेर गेली. ताटात भात होता, वरण होतं, वरणात कैरीची फोड होती. दोन घास तिच्या पोटात गेले होते.

मी माहेरघराच्या ओसरीवर बसलो होतो. माहेरघर म्हणजे आरोग्य केंद्राच्या आवारातलं दोन खोल्यांचं घर. लांबच्या गावांतल्या, दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन इथं राहायचं, इथंच जेवायचं. कळा सुरू झाल्या की प्रसूतीची खोली हाकेच्या अंतरावर. पाली माझी बायको. मी तेव्हा वनखात्यात रोजंदारीवर वणव्यावर नजर ठेवायचं काम करत होतो. आश्रमशाळेत शिकल्यामुळे मला मराठी येत होती, पालीला फक्त माडिया. म्हणून तिथल्या सिस्टरनं मलाही ओसरीवर राहू दिलं होतं.

पहिल्या खेपेला पाली घरीच बाळंत झाली. आधी पावलं सुजली, मग चेहरा. शेवटच्या दिवशी दातखीळ बसली, डोळे फिरले, हातपाय लाकडासारखे ताठ झाले आणि मग सगळं अंग उडायला लागलं. ती वाचली. मूल वाचलं नाही. या खेपेला पावलं पुन्हा सुजली, तेव्हा मी गावात कुणाला न विचारता तिला इथं आणलं.

"काहून उठली ते?" स्वयंपाक करणारी सुरजाबाई पळी घेऊन दारात आली. "मीठ जास्त झालं का?"

"कैरी," मी म्हणालो.

"मंग? पोटुशी बाईले आंबट लागते. उन्हाचे दिवस हायेत. म्हून टाकलो. मी का जहर टाकलो का त्याच्यात?"

सुरजाबाई आरमोरीकडची. नेहमीची माडिया बाई तेंदूपत्ता तोडायला गेली होती, तिच्या जागी ही आठवड्यापूर्वी आली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आत मासे नावाची दुसरी बाई जेवत होती. तिनं स्वतःचं ताट पुसून खाल्लं आणि पालीच्या ताटाकडे बघून मला माडियात म्हणाली, "दादा, ती नाही खात तर इकडे सरकव. आमच्या गावचा झालाय."

गडबड ऐकून बारसागडे सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, पायात कायम पुरुषी चपला. त्यांना माडिया येत होतं ते हाटातल्या व्यापाऱ्याला येतं तितकं : किती, कुठं, कधी आणि दुखतं का. मी त्यांना सांगितलं की नवं फळ किंवा नवं धान्य निघालं की आधी सगळं गाव मिळून पूर्वजांना दाखवतं. तो पंडुम. आंब्याचा पंडुम होईपर्यंत आमच्यात पडलेली कैरीसुद्धा कुणी तोंडाला लावत नाही.

"मासे तं खाऊन राहिली."

"तिच्या गावचा पंडुम झाला. आमचा व्हायचाय."

"आंबा तं एकच हाय ना?"

"आंबा एकच. गावं दोन."

सिस्टर मान हलवून म्हणाल्या, "बराबर हाय. माही सासू चतुर्थीले चंद्र पाहाले बसते, तवा आमच्या पोटातले कावळे मरते. चाल, बोलू तिच्यासंग."

पाली मोहाच्या झाडाखाली बसली होती. चूळ भरून भरून तिच्या पुढची माती भिजली होती.

"घरी ने," ती मला म्हणाली.

"इथून नेलं तर मागच्यासारखं होईल."

"मागच्या वेळी माझं काही चुकलं नव्हतं, तरी पूर्वजांनी मूल नेलं. आता तर चुकलंय." तिनं पोटावर हात ठेवला. "मी एकटी असते तर बसले असते इथं."

मी शब्दाला शब्द सिस्टरना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. पारा जिथं थांबायला नको तिथं थांबला. त्यांनी गोळी पुढे केली. पालीनं ओठ मिटले.

"गोळी का आंबा हाय?" सिस्टर म्हणाल्या.

"तोंड बंद आहे, म्हणते. निकाल लागेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही."

"सुई?"

मी विचारलं. पालीनं दंड पुढे केला. सुई तोंडातून जात नव्हती.

"सुईवर एखादा दिवस निभंल. त्याच्यावर नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या गावात याचा निकाल कोण देते?"

"पेरमा. पूजा करणारा."

"कोण हाय तो?"

"माझा बाप."

"मंग इथं कायले बसला बे? सायकल काढ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबाला घेऊन आलो. बाबाचं नाव कोमटी. अंगानं काडी, कमरेला सुरी, बोलणं मोजकं. दवाखान्याच्या आवारात त्यानं याआधी पाय ठेवला नव्हता. पालीला इथं आणताना मी त्याला विचारलं नव्हतं, आणि रस्ताभर त्यानं तो विषय काढला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "खाल्लं ते कळून की न कळून?"

"न कळून."

"हं."

तो ओसरीवर चढला नाही. खाली मातीत उकिडवा बसला. सिस्टर खुर्ची सोडून त्याच्यासमोर मातीत बसल्या. सुरजाबाईनं कोरा चहा आणला आणि पेला ठेवता ठेवता मला हळूच म्हणाली, "चहात का नाही म्हणा बा काही. साखर अन् पत्ती."

बाबानं चहा घेतला. समोर प्रसूतीच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत वाशाला जाड दोर बांधलेला दिसत होता.

"तो दोर कशाला?"

"बायका धरतात," सिस्टरनी मला सांगायला सांगितलं. "आडवं झोपून कळ देणं तुमच्या बायकांना जमत नाही. उकिडवं बसून, दोर धरूनच जमतं."

"हिला कुणी शिकवलं?"

"बायकांनीच."

बाबानं पुन्हा एकदा खिडकीकडे बघितलं. मग तो बोलायला लागला. आधी खाणाऱ्याला दोन वाटा असतात. एक म्हणजे गावाच्या शिवेच्या आत बसायचं, कोसरीच्या, म्हणजे गेल्या सालच्या भरडधान्याच्या, पेजेवर राहायचं आणि पंडुमची वाट बघायची. दुसरी म्हणजे पंडुमच व्हायचा. पंडुम झाला की आधी खाल्लं आणि नंतर खाल्लं, असा फरक उरत नाही. मग ती कुठंही जाऊ दे, काहीही खाऊ दे.

"पंडुम कवा हाय?" सिस्टर.

"कोय धरली की."

"कवा धरते?"

"तेंदूचं तोडणं संपता संपता."

सिस्टरनी बोटांवर दिवस मोजले. "इतके दिवस नाही तिच्यापाशी. सांग त्याले. हे दोन-चार दिवसांचं काम हाय. मागच्यासारखे झटके आले, अन् ते गावात आले, तं माह्यापाशी तिथं काहीच नाही. आधी नाही करता येत का?"

मी सांगितलं. बाबा हसला. त्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

"तिला सांग, आंब्यात कोय मी घालत नाही. सुरी सांगते. पहिला आंबा कापायचा. सुरी कोयीवर अडली, दगड हाणावा लागला, तर कोय धरली. सरळ आरपार गेली तर नाही धरली. मग गाव उठून घरी जातं."

सिस्टरनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तं मंग सुरीले विचारून पाहा ना एकदा. विचाराले तं मनाई नाही?"

मी हे बाबाला सांगितलं. त्यानं पेला खाली ठेवला. मनाई नव्हती. सुरीला लवकर विचारू नये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

"विचारताना ती शिवेच्या आत पाहिजे," तो म्हणाला.

डॉक्टर बैठकीसाठी तालुक्याला गेले होते. सिस्टरनी रुग्णवाहिकेचा चालक नैतामला हाक मारली. तो म्हणाला, "सिस्टर, गाडी पेशंट आणाले असते. पेशंट पूजेले न्यायले नसते."

"परत आणाचंच हाय."

"डॉक्टरसाहेब इचारतील तं?"

"माहं नाव सांगजो. तुही नोकरी नाही जात. माही जायची तं जाईन."

गाडी नदीपर्यंत गेली. उन्हाळ्यात नदीला गुडघाभरही पाणी नसतं, पण वाळूत चाक रुततं. तिथून चालत. पाली पुढं, तिच्यामागं सिस्टर पट्ट्याची पेटी घेऊन, मग मी. बाबा आधीच पुढे गेला होता. पालीची पावलं इतकी सुजली होती की वाळूत तिचे ठसे नेहमीपेक्षा रुंद उठत होते. सिस्टर मधेच थांबून तिला विचारायच्या, "डोकं? डोळे?" एवढे दोन शब्द त्यांना माडियात नीट यायचे. पाली मान हलवायची. शिवेजवळ पोचता पोचता ती म्हणाली, "डोळ्यांपुढे काजवे."

सिस्टरनी हे मला परत विचारून घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "जल्दी कर म्हणा तुह्या बापाले. जे व्हायचं ते जल्दी."

गाव जमलं होतं. पुरुष आंब्याच्या मोठ्या झाडापासून थोडे अंतर राखून बसले होते, बायका त्यांच्यामागं. पालीला शिवेच्या दगडाच्या आत, पण लांब बसवलं. सिस्टर तिच्या शेजारी, दगडाच्या बाहेर. मला पळसाच्या पानांचा द्रोण धरून बाबाच्या बाजूला बसायचं होतं. पेरमाच्या थोरल्या मुलाचं ते काम असतं.

गावातला सर्वांत म्हातारा डोलू पल्लो मोठ्यानं म्हणाला, "कोमटी, सून पेरमाची म्हणून आंबा लवकर पिकतो का?"

काही जण हसले. बाबा म्हणाला, "पिकतो की नाही ते मी कशाला सांगू? तुझ्या डोळ्यांसमोर कापतो."

"डोळे कुठं आहेत मला? कान आहेत. कानानं ऐकीन."

एक पोरगेला माणूस झाडावर चढला आणि बाबानं दाखवलेली कैरी तोडून खाली आला. बाबानं पूर्वजांची नावं घेतली. त्यात त्याच्या बापाचं नाव होतं, आजाचं होतं. मग त्यानं कैरी सपाट दगडावर उभी धरली आणि सुरी चालवली.

सुरी आरपार गेली.

काही अडलं नाही. आतली कोय दुधाळ, पांढरी, मऊ होती. सुरी तिच्यातून लोण्यातून जावी तशी गेली आणि खालच्या दगडाला टेकली. मी हातभर अंतरावर होतो. बाबाचं अंग गावाकडे पाठमोरं होतं.

तो थांबला. डावा हात त्यानं कैरीवरून काढला नाही. दोन्ही फाका मुठीत घट्ट धरून ठेवल्या. उजव्या हातानं बाजूचा गोटा उचलला आणि सुरीच्या पाठीवर हाणला. खट् आवाज झाला. दगडावर दगडाचा होतो तसा. त्यानं पुन्हा हाणला. मग तिसऱ्यांदा, जोरात.

"ऐकलं," डोलू पल्लो म्हणाला. "कोय आहे."

बाबानं मूठ द्रोणात मोकळी केली आणि वर लगेच पान झाकलं. "कोय धरली," तो म्हणाला.

त्यानंतर ढोल वाजले. घराघरांतून कैऱ्या आल्या, कोंबडी कापली गेली, पहिला घास पूर्वजांना दाखवला. दुसरा, नेहमी पेरमाचा असतो तो, बाबानं शिवेपाशी जाऊन पालीच्या हातावर ठेवला. तिनं खाल्ला. सिस्टरनी तिथंच पाणी मागितलं आणि गोळी पुढे केली. पालीनं गोळी गिळली.

"पाह्यलं?" सिस्टर मला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इचारलं की होते."

द्रोण माझ्याकडे होता. तो झाडाच्या बुंध्याशी पुरायचा असतो. मी तो पान न उचलता पुरला.

नदीकडे परतताना पाली चालू शकत नव्हती. तिला खाटेवर घेतलं. पुढचे दांडे मी आणि बाबानं धरले होते. वाळूत उतरलो तेव्हा मी म्हणालो, "बाबा, ती कोय..."

"तू काय पाहिलंस?"

मी दांडा खांद्यावर नीट घेतला.

"मग झालं," तो म्हणाला. "पाय बघून टाक. वाळू आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पालीला कळा सुरू झाल्या. तिनं दोर धरला. दोनदा नीट कळ दिली आणि तिसऱ्या वेळी तिचे हात दोरावरून सुटले. दातखीळ, डोळे, ताठ हातपाय, सगळं मागच्यासारखं. फरक एवढाच की या वेळी सिस्टरचं इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं होतं. मला बाहेर काढलं. बाहेर बाबा मोहाखाली बसला होता. आत सुरजाबाई ओरडत होती, "पाय धरा हो, पाय धरा बाईचे!" मग ती ओरडायची थांबली. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि त्यानंतर मांजरीच्या पिलाएवढा आवाज आला.

मुलगी झाली. हलकी होती. सिस्टरनी तिला काचेच्या पेटीत न ठेवता पालीच्या उघड्या छातीवर कापडानं बांधलं. पाली संध्याकाळी शुद्धीवर आली. तिनं आधी छातीवर काय आहे ते बोटांनी चाचपलं, मग डोळे उघडले.

बाबा पहिल्यांदाच ओसरीवर चढला तो तेव्हा. त्यानं नातीला हातात घेतलं, तिची टाळू हुंगली, परत दिली. "जुरी म्हणा," तो म्हणाला. हे त्याच्या आईचं नाव.

बारसागडे सिस्टरना डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला. पुढं प्रकरण मिटलं. नंतर त्या प्रत्येक प्रशिक्षणात आमच्या गावची हकिकत सांगायच्या : गावाला हुकूम देऊ नका, विचारा, गाव स्वतः वाट काढतं. दोनदा मला त्यांच्याबरोबर उभं केलं होतं. मी मान डोलावली. त्यांचं खोटं नव्हतं. त्यानंतर आमच्या बाजूच्या गावांतल्या बायका माहेरघरात यायला लागल्या. कुठल्या गावचा पंडुम झाला, हे विचारल्याशिवाय सुरजाबाई कुणाच्या ताटात काही वाढत नसे.

त्या वर्षी आमच्याकडे गारपीट झाली. झाडांवरचा आंबा होता तो सगळा खाली आला. पावसाळ्यात तापाची साथ आली. तिच्यात डोलू पल्लोचा नातू गेला, आणखी एक पोर गेलं. गारपीट पलीकडच्या गावांतही झाली होती आणि ताप सगळ्या खोऱ्यात होता. गावात कुणी बाबाला एका शब्दानं विचारलं नाही. डोलू पल्लो नातवाला पुरून आला त्या दिवशी बाबा त्याच्या अंगणात जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

दिवाळीनंतर बाबानं सुरी माझ्या धाकट्या भावाकडे दिली. मला देणं रीतीचं होतं. इंद्रावतीपलीकडे बहिणीच्या गावी जाऊन येतो म्हणाला. निघताना जुरी अंगणात रांगत होती. तिला ओलांडून न जाता तो वळसा घालून गेला.

तो परत आला नाही. मी पहिल्या वर्षी आणायला गेलो तेव्हा आत्या म्हणाली, पुढच्या गावी गेलाय. त्या गावात सांगितलं, इथून गेला. नंतर जंगलातल्या बंदुकांमुळे तिकडं जाणं-येणं कठीण झालं आणि मी वनरक्षक, म्हणजे सरकारी माणूस, झाल्यावर तर मला त्या काठाला जाणंच बंद झालं.

पाली अजून म्हणते, "माझ्या त्या दोन घासांमुळे बाबा गेले."

"नाही," मी म्हणतो. त्यापुढे काही सांगत नाही. कोय मऊ होती हे तिला सांगितलं तर कुणामुळे गेला, याचं उत्तर तिच्यापासून दूर जात नाही. आणखी जवळ येतं.

गेल्या हिवाळ्यात हाटात पलीकडचा एक डिंक विकणारा भेटला. त्याच्या गावाबाहेर एक म्हातारा झोपडी करून राहतो, आमच्यासारखं बोलतो, गावाच्या पंडुमला येऊन बसत नाही, असं तो म्हणाला. नाव त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्याजवळ निरोप दिला : जुरी दहावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणते.

पुढच्या हाटाला तो म्हणाला, सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मुलीचं नाव परत एकदा सांगायला लावलं.